केर गायरीत, गायरी कुणग्यात

2023 चा पाऊस कोकणातल्या लोकांना आठवत असेल. मिरग सुरू होऊन गेला तरी धड थेंब नाही, आणि जूनच्या शेवटी आला तो असा कोसळला की सगळ्यांची एकदमच धांदल उडाली. पॉवर टिलरवाल्या पोराला एका दिवसात चार जणांचा चिखल करून द्यायचा होता, आमच्या घराखालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, तो सकाळी सातलाच उतरला. मी मेरेवर, बांधावर, छत्री घेऊन उभी होते, म्हणजे माझा तसा काही उपयोग नव्हता, पण बाबांना आता गुडघ्यांमुळे उतरता येत नाही आणि घरचं कुणीतरी उभं असलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं असतं.

टिलरच्या पात्यात कुठलंतरी जुनं नायलॉनचं दावं अडकलं म्हणून त्यानं मशीन बंद केलं, वाकून ते सोडवत बसला, आणि मग मला हाक मारली. "ताय, ह्या बग काय गावला."

त्याच्या तळहातावर चिखलाचा एक गोळा होता आणि गोळ्यातून पिवळं काहीतरी डोकावत होतं. मी मेरेकडेच्या वाहत्या पाण्यात ते धुतलं. कुडी होती. कानातली, मोत्याची कुडी. मधे एक मोती, भोवती सहा, अशी सात मोत्यांची. फक्त मोती एकही नव्हता. सोन्याच्या बारीक तारा होत्या, थोड्या वाकलेल्या, आणि जिथे मोती बसायचा त्या प्रत्येक जागी तांबडी माती बसली होती, घट्ट, गोल, मोत्याएवढीच. लांबून बघितलं तर वाटावं की कुणीतरी पोवळ्यांची कुडी केलीय.

अजून एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि तीच नंतर महत्त्वाची ठरली. मागची फिरकी जागेवर होती. दांडीवर शेवटपर्यंत फिरवून बसवलेली. कानातून कुडी पडते ती फिरकी सैल झाल्यामुळे, आधी फिरकी जाते मग कुडी. काढून ठेवताना मात्र बायका फिरकी परत दांडीवर फिरवून ठेवतात, नाहीतर एवढीशी वस्तू, सापडायची कुठे. म्हणजे ही कुडी शेतात काम करताना कुणाच्या कानातून पडलेली नव्हती. कुणीतरी नीट काढून, नीट फिरकी लावून, कुठेतरी ठेवली होती.

मी घरी आले आणि बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग काही न बोलता उठले, माजघरातल्या कपाटातनं आजीची पितळी डबी आणली आणि तिच्यातली कुडी काढून हिच्या शेजारी ठेवली. तीच घडण. तिचे मोती पिवळट पडलेत पण सातही आहेत. एकटी कुडी कुणी मोडत नाही आणि घालतही नाही, त्यामुळे ती 1974 पासून त्या डबीतच होती. आजी 1998 ला गेली, तिच्या मागे आईनं ती डबी तशीच ठेवली, आणि आई गेल्यावर मी.

आता ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती, पण सांगितली कुणी फारशी जायची नाही. मला ती तुकड्यातुकड्यानं कळलेली, थोडी आत्याकडून, थोडी आईकडून.

1974 साली गणपतीच्या आधी आजीचा डावा कान पिकला होता. रात्री ठणका लागला म्हणून तिनं दोन्ही कुड्या काढल्या आणि माजघरातल्या कोनाड्यात रॉकेलच्या चिमणीच्या बाजूला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सणासाठी घर सारवायचं होतं, वरच्या वाडीतली एक बाई आमच्याकडे सारवणाला, लावणीला, भात झोडायला अशी बारा महिने यायची, ती सकाळी आली आणि माजघर, वळई, पडवी सगळं सारवून दुपारी गेली. संध्याकाळी आजीनं कोनाड्यात हात घातला तर एकच कुडी.

मग जे व्हायचं ते झालं. कोनाडा खरवडला, चटया झाडल्या, तांदळाचं मडकं उपडं केलं. आजोबा म्हणाले, देवाला कौल लावू. आजी नको म्हणाली. आत्या सांगते की ती एकच वाक्य म्हणाली, "कौल नको, कोणाचा तरी नाव येयत." म्हणजे तिच्या मनात नाव आधीच आलेलं होतं, फक्त ते देवाच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती. पुढचं मात्र तिनं होऊ दिलं. त्या बाईला कुणी चोर म्हटलं नाही, कुणी झडती घेतली नाही, तिला फक्त परत बोलावलं नाही. पुढच्या लावणीला दुसरी आली. गावात एवढं पुरतं. ज्या घरी एक बाई बारा महिने येते आणि एक दिवस यायची थांबते, त्याचा अर्थ प्रत्येकाला लावता येतो.

बाबा तेव्हा तेरा वर्षांचे.

कुडी गावली त्या दिवसापासून मी एकाच प्रश्नाला चिकटून बसले, की माजघरातल्या कोनाड्यातली वस्तू घरापासून दोनशे पावलांवरच्या कुणग्यात गेली कशी? कुणी चोरून नेली असती तर ती आमच्याच शेतात कशाला टाकेल. आणि मग जसजशी मी जुनी घरं, जुनी कामं आठवायला लागले तसतसं मला कळलं की हा प्रश्न अवघड नाहीच आहे. त्या वेळच्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं वाट सांगितली असती. फक्त कुणी विचारलं नाही.

जुन्या घरात जमीन शेणाची असायची हे आता पोरांना सांगावं लागतं. शेण कालवून हातानं अर्धगोल फिरवत सारवायचं, ओलं असताना ती जमीन लोण्यासारखी मऊ असते, बारीक वस्तू पडली तर अर्धी आत रुतते आणि वरनं पुढचा हात फिरला की दिसेनाशी होते. वाळली की पोपडा धरते. दोनचार दिवसांनी केरसुणी फिरते तेव्हा पोपडे निघतात, ते केरात जातात. केर सुपलीत, सुपली गायरीत. गायरी म्हणजे गोठ्यामागचा शेणाचा खड्डा, घाटावर उकिरडा म्हणतात तो. त्याच्यात शेण तर असतंच, पण चुलीतली राख, भाताचा कोंडा, गुरांच्या पायाखालचा पातेरा, म्हणजे सुका पाला, माशांची खवलं, फुटलेली कपबशी, नारळाची किशी, घरातला सगळा केर, सगळं तिथेच. वर्षभर ते कुजत राहतं, आतनं गरम असतं, सकाळी वाफ येताना दिसते. आणि चैत्र-वैशाखात गायरी उपसायची. बायका हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, भरून डोक्यावरनं ते खत कुणग्यात नेऊन टाकायच्या, ढीग घालायच्या, पावसाच्या तोंडावर ते पसरायचं आणि पहिल्या नांगराला मातीत मिसळायचं. एकेका कुणग्याला वीस-पंचवीस हारे.

म्हणजे घरातली हरवलेली बारीक वस्तू, कुणाचा हात न लागता, किंवा खरं तर दहा जणींचे हात लागून, एका वर्षाच्या आत शेतात पोचायची. कोनाड्यातनं खाली ती उंदरानं पाडली असेल, नाहीतर चिमणी पुसताना फडक्याला अडकली असेल. तिथून पुढची वाट ठरलेलीच. पोपडा, केर, सुपली, गायरी, हारा, कुणगा. त्या हाऱ्याखाली 1975 च्या उन्हाळ्यात कोण बाई होती कोण जाणे, डोक्यावर आजीची कुडी घेऊन आजीच्याच शेतात चालत गेली.

पुरातत्त्ववाल्यांना ही वाट चांगली ठाऊक असते. शेतात खापराचे तुकडे पसरलेले दिसले तर ते लगेच म्हणत नाहीत की इथे वस्ती होती. वस्तीतलं खत इथे टाकत असतील, असंही असू शकतं हे त्यांना माहीत असतं. वस्ती असलेल्या जागी तुकडे दाट, मोठे, थरात मिळतात. खताबरोबर आलेले लहान, झिजलेले, विखुरलेले. मला हे वाचल्यावर आमच्या कुणग्याकडे बघायची नजरच बदलली. त्या दिवसापासून चिखलात जे गावेल ते मी एका ॲल्युमिनियमच्या पातेल्यात जमा करते, बाबा त्याला माझं म्युझियम म्हणतात, प्रेमानं.

सगळ्यात जास्त गावतात ती काकणं. हिरवी, क्वचित लाल, एकदा एक काळं सोनेरी ठिपक्यांचं. बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, आणि लहानपणी मला खरंच वाटायचं की ती कुठेतरी जाऊन वाढत असेल. वाढवलेल्या काकणाचे मोठे तुकडे आम्ही मुली गोळा करायचो, काचापाणी खेळायला, किंवा चिमणीच्या ज्योतीवर धरून वाकवायचे आणि एकात एक अडकवून तोरण करायचं, बोटं भाजायची. उरलेले बारीक तुकडे केरात. लावणीच्या वेळेला वाकून वाकून एकमेकींवर हात आपटूनही फुटतात, ते तर थेट चिखलातच. मग दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी पायात जातात.

माझ्याकडे एक तुकडा आहे, साधारण पाऊण इंच. बाहेरची बाजू चिखलात घासून घासून साय आल्यासारखी धुरकट झालीय, समुद्रावरच्या काचेसारखी, पण मोडलेलं टोक उजेडात धरलं की आतला हिरवा जसाच्या तसा, आत्ता कासाराच्या करंड्यातनं काढल्यासारखा. एका जागी आत बुडबुडा आहे, मोहरीएवढासुद्धा नाही, लांबट. भट्टीवर काच ओढताना जो बुडबुडा लांबला तो तसाच राहिला. वाकणावरनं अंदाज केला तर ते काकण फार लहान मापाचं होतं, दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या हातातलं. आमच्या घरात त्या वयाची लग्न होऊन आलेली शेवटची मुलगी म्हणजे माझी पणजी. तिचंच असेल असं मी म्हणत नाही, गायरीत शेजारपाजारच्या मुलींचंही सगळं यायचं. पण तिचा फोटो नाही, सही नाही, काही नाही, त्यामुळे त्या तुकड्यावर माझा जीव आहे. काचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांवरनं पुरातत्त्ववाले काळ ठरवतात, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला खणलं तेव्हा बहामनी काळातल्या थरात रंगीत काचेच्या बांगड्या मिळाल्या होत्या. राजाचं नाव नसलेल्या थराला बायकांच्या फुटलेल्या बांगड्या तारीख देतात, हे मला फार थोर वाटतं.

नाणी त्या मानानं कमी. भोकाचे पैसे तीन गावलेत. 1943 ते 1947 या काळात सरकारनं ते काढले होते, लढाईत धातूची चणचण म्हणून मधला भाग वाचवला. बाबा सांगतात की नवे पैसे आल्यावर, म्हणजे 1957 नंतर, ते कोण नटबोल्टाला वायसर म्हणून लावायचं, तर कोण पोराच्या करदोट्यात ओवायचं. करदोटा तुटला की गेला पैसा. दोन आणि तीन पैशाची ॲल्युमिनियमची नाणी मात्र मातीत टिकत नाहीत, वर पांढरी भुकटी धरते, कडा खाल्ल्यासारख्या होतात. माझ्या वयाच्या लोकांच्या खिशातली ती नाणी आधी संपली आणि पणज्याच्या काळचं तांबं हिरवं होऊन टिकून आहे. शेजारच्या काकांना त्यांच्या माडाचं आळं खणताना शिवराई गावली, एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, अक्षरं बोटांना लागतात. त्यांनी ती देवाऱ्यात ठेवलीय.

आमची माती काय ठेवते आणि काय नाही याचा एक हिशोब आहे. जांभ्याची माती, लोखंडानं लाल झालेली, त्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. चुना धुऊन जातो, माती आंबट होते. आंबट मातीत हाडं विरघळतात, म्हणून इथे कुठेही खणलं तरी जुनी हाडं सहसा हाती लागत नाहीत. लोखंडाचा विळा असला तर त्याचा गंजाचा गोळा होतो, इतका की आतला विळा कुठला आणि बाहेरचा जांभा कुठला ते कळत नाही. कापड, चामडं, लाकूड, काही राहत नाही. काच राहते, भाजलेली माती राहते, तांबं राहतं, टॉर्चच्या सेलमधली काळी कार्बनची कांडी राहते, आणि सोनं तर काय, त्याला काहीच होत नाही. मोती म्हणजे शिंपल्याचाच जातभाई, चुन्याचा. एकोणपन्नास वर्षं आंबट मातीत तो कसा टिकेल. आजीचे मोती कुणी नेले नाहीत, ते भातात गेले. आम्ही खाल्ले असतील.

वस्तू खाली का जातात हेही मला हल्लीच नीट कळलं. आपल्याला वाटतं वरनं माती येऊन पडते म्हणून. ती येतेच, पण गांडुळंही काम करतात. ती खालची माती खाऊन वर विष्ठेच्या गुळ्या टाकतात, वरच्या वस्तूखालची जमीन पोकळ होत जाते, आणि वस्तू हळूहळू खाली बसते. डार्विननं इंग्लंडात आपल्या घराजवळच्या शेतात 1842 साली खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि 1871 मध्ये चर खणून बघितलं, तर तुकड्यांची पांढरी रेघ सात इंच खाली गेली होती. एकोणतीस वर्षं त्या माणसानं वाट बघितली. आमच्याकडे कुणग्यात मात्र नांगर दर वर्षी सगळं परत ढवळतो, वीतभर माती खालीवर होत राहते, म्हणून कुडी फार खोल गेली नाही. उतारावर याच्या उलट. पहिल्या पावसात पाणंदीतली माती धुपून जाते आणि खालचे खडे, खापरं, एखादी गोटी वर चमकायला लागते. लहानपणी पहिला पाऊस झाला की आम्ही पाणंदीत डोळे खाली घालून चालायचो.

आणि खळं. खळं हा वेगळाच प्रकार. पावसानंतर पुढचं अंगण उकरून, नवी तांबडी माती घालून, पाणी मारून, चोपण्यानं चोपून चोपून गुळगुळीत करायचं आणि शेणानं सारवायचं. दर वर्षी जुन्या खळ्यावर नवं खळं. त्या दोन थरांच्या मधे जे राहिलं ते राहिलं. मागे खळ्यात फरशी घालायची म्हणून खणलं तर पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे निघाले, आणि बाबांना त्यांची गोटी मिळाली, आत निळी वेलांटी असलेली. माझी म्हणाले. कशावरनं म्हटलं तर उत्तर दिलं नाही, खिशात टाकली.

काही गोष्टी आपण होऊन मातीला देतो ते वेगळं. बाळंतपणं घरात व्हायची तेव्हा नाळ-वार परसात पुरायचे. बाबांची आमच्या न्हाणीमागे पुरलीय, त्या जागेवर आता शेवगा आहे. घर बांधताना पायात पंचरत्न, नाणं घालतात. नाळ पुरली त्या गावाशी माणसाचं नातं असतं असं आपण म्हणतो, पण खरं सांगायचं तर न सांगता, न कळत जे मातीत गेलं त्याच्यातच माणसं मला जास्त भेटतात. पुरलेली वस्तू विचार करून पुरलेली असते. हरवलेलीत विचार नसतो, त्या दिवसाची घाई असते.

गुप्तधनाच्या गोष्टींचा मला खरंच त्रास होतो. कुडी गावल्याचं गावभर झालं तेव्हा दोन जण येऊन विचारून गेले की अजून खणायचं का, एक जण मेटल डिटेक्टर आणतो म्हणाला. जमिनीत धन मिळालं तर त्याला 1878 चा कायदा आहे, दहा रुपयांवरचं असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं. पण त्याहीपेक्षा मला सांगायचं होतं की हंडा शोधणारा माणूस काकणाचा तुकडा बाजूला फेकतो, आणि एकदा फेकला की तो कुठल्या थरातनं आला ते कायमचं गेलं. चौलला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केलं, एवढं जुनं बंदर, परदेशी जहाजं लागायची, तिथल्या मातीतनं झिलईची परदेशी खापरं निघाली ती कुणाचा तरी हात सुटून फुटलेल्या भांड्यांचीच ना. कुणीतरी हळहळलं असेल, केर काढला असेल.

आता गायरी नाही. आमच्याकडेच 2005 च्या आसपास शेवटची गुरं गेली, खड्डा बुजला, खत पोत्यातनं येतं. लादी आली, लादीवर पडलेली कुडी टणकन वाजते आणि सापडते, हे चांगलंच आहे. केर घंटागाडीत जातो, नाहीतर गडग्यापलीकडे. कुणग्यात हल्ली गावतं ते शॅम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे. 2018 ला प्लास्टिकबंदी आली तरी आधीचं मातीत आहेच, आणि ते काही मोत्यासारखं विरघळणार नाही. मी तेही उचलते पण पातेल्यात ठेवत नाही. कदाचित ठेवायला हवं.

कुडीचं काय करायचं यावर आमच्या घरात पंधरा दिवस कुणी काही बोललं नाही. दोन्ही कुड्या टेबलावर एका बशीत होत्या. आत्या फोनवर म्हणाली, मोती घालून घे, छान जोडी होईल. मी हो म्हटलं आणि केलं काहीच नाही. मग एका रात्री जेवताना बाबा एकदम म्हणाले, "तिला सांगायला मी गेलो होतो."

मला हे माहीत नव्हतं. आजोबांना तोंडावर सांगवेना, आजीला तर नाहीच, म्हणून तेरा वर्षांच्या मुलाला वरच्या वाडीत पाठवलं, उद्यापासून येऊ नको म्हणून सांग. बाबा गेले. बेड्याजवळ, अंगणाच्या फाटकाशी, उभं राहून सांगितलं आणि पळत घरी आले. ती काय म्हणाली विचारलं तर म्हणाले, काही नाही म्हणाली, बरं म्हणाली. एवढं बोलून त्यांनी ताट बाजूला केलं.

ती बाई 2009 ला गेली. मी तिला जत्रेत, एसटी स्टँडवर अशी लांबून बघितलेली आहे, आमच्याकडचं कुणी समोर आलं की ती डोक्यावरचा पदर जरा पुढे ओढायची, आणि मला लहानपणी वाटायचं की ती बाबांना मान देते. तिची मुलगी लग्न होऊन शेजारच्याच गावात दिलेली, नवरा गेल्यावर परत माहेरच्या घरात येऊन राहिली. श्रावणात एक दिवस उघडीप होती तेव्हा आम्ही रिक्षा केली. वर घाटीपर्यंतच रिक्षा जाते, पुढे चढ, बाबा माझ्या खांद्याला धरून दर दहा पावलांनी थांबत होते. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते. नको म्हणाले.

ती ओट्यावर कुळीथ निवडत होती. आम्हाला बघून उठली, बसायला खुर्ची आणली, पाणी आणलं, कशाला आलात म्हणून विचारलं नाही. बाबांनी खिशातनं रुमाल काढला, सोडला, आणि मोती नसलेली कुडी तिच्यापुढे धरली. काय बोलायचं ते आम्ही वाटेत ठरवलं होतं, ते त्यांना आठवलं नाही. मीच सांगितलं. कुणग्यात गावली म्हणून, केरातनं गायरीत गेली असणार म्हणून, तुझ्या आईनं घेतली नव्हती म्हणून. आमची चूक झाली, असं मी म्हटलं, आणि ते माझ्या तोंडून फार लहान वाटलं.

तिनं कुडी घेतली. उजेडाकडे वळवून बघितली. मग बाबांकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी सांगूक तुमीच इलेलास मा? खाकी चड्डी होती. मी दारातच होतंय."

बाबांनी मान हलवली.

"आयेन रात्री जेवाण केल्यान नाय," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. खाली कुणाच्या तरी शेतात बेणणी, तण काढणं, चालली होती, बायकांचे आवाज वर येत होते. तिनं परत कुडी डोळ्यांजवळ नेली. "मोतयां खंय गेली?"

मातीनं खाल्ली, मी म्हटलं.

तिनं पदराची पिन काढली आणि कुडीत भरलेली माती कोरायला लागली. एकेका तारेतली, सावकाश, मधली सगळ्यात शेवटी. तांबड्या मातीचे सात बारीक गोळे ओट्यावर पडले. तिनं ते हातानं कुळथाच्या काडीकचऱ्यात सारले, कुडी पदराला पुसली आणि बाबांच्या हातात दिली.

"घेवा," ती म्हणाली. "धुवन ठेवा."